विद्यापीठ उपकेंद्रासाठी कार्यशाळा आणि कार्यालय एकत्र बांधायचे आहे. आराखडा कसा ठरवावा?

प्रश्न — कार्यशाळा समन्वयक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमच्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात शेती अवजारांची दुरुस्ती, सुतारकाम, वेल्डिंग आणि बांबूकाम या चार विषयांची कार्यशाळा व तिला जोडून उपकेंद्राचे कार्यालय, असे एकत्र बांधकाम मंजुरीच्या वाटेवर आहे. जागा तालुक्याच्या गावापासून १२ किलोमीटरवर, रस्त्याला लागून, चार एकर आहे. तेथे आतापर्यंत कपाशी आणि तूर पिकत होती, म्हणजे जमीन पूर्ण काळी आहे. कार्यशाळेसाठी सुमारे ९०० चौरस मीटर, आणि कार्यालय, दोन वर्गखोल्या व एक लहान सभागृह मिळून ५०० चौरस मीटर अशी गरज काढली आहे. रोज साधारण १२० विद्यार्थी आणि २२ कर्मचारी तेथे असतील.

समितीपुढे आलेल्या पहिल्या आराखड्यात दुमजली इमारत आहे. खाली कार्यशाळा, वर कार्यालय, रस्त्याकडील दर्शनी बाजूस पूर्ण काच आणि वरच्या मजल्यावर वातानुकूलन. रस्ता आमच्या पश्चिमेस आहे. आमचे सध्याचे कार्यालय अशाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता तेथे फायलींच्या लोखंडी कपाटाची मूठ रुमालाने धरून फिरवावी लागते, आणि दुपारनंतर लोक कामे घेऊन खालच्या जिन्याखाली येऊन बसतात. वीज गेली की वातानुकूलन बंद आणि खिडक्या उघडता न येणाऱ्या, ही अवस्था नव्या इमारतीत पुन्हा नको आहे.

ऊर्जा, पाणी आणि देखभाल या तिन्ही बाबतींत पुढील ३०-४० वर्षे टिकेल अशी इमारत बांधायची असेल तर सुरुवात कोठून करावी? समितीची पुढील बैठक दीड महिन्याने आहे. निधी वाढणार नाही, हे गृहीत धरून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ — वास्तुविशारद, वर्धा

नमस्कार सर. साहित्य, सौर पॅनेल, मानांकन हे सगळे नंतर पाहू. आधी एक तक्ता करावा : कोणती खोली, त्यात किती माणसे, वर्षातील कोणत्या महिन्यांत, दिवसाच्या कोणत्या वेळी बसणार आहेत. आपल्या १४०० चौरस मीटरपैकी ज्या जागेला खरोखर थंडावा लागतो ती जागा माझ्या अंदाजाने ४०० चौरस मीटरच्या वर जाणार नाही. उरलेल्या सगळ्या जागेला सावली, उंच छप्पर आणि आरपार वारा पुरतो. हे दोन प्रकार एकमेकांवर रचले की दोन्हींचे नुकसान होते. वरचे कार्यालय छताची उष्णता घेते, खालच्या यंत्रांचा आवाज व हादरा घेते, आणि खालच्या कार्यशाळेला मात्र धूर व गरम हवा वर सोडण्यास वाट राहत नाही. म्हणून माझे पहिले मत असे, की दुमजली कल्पना सोडून द्यावी. चार एकर जमीन असताना मजला चढवण्याचे कारण मला दिसत नाही. दोन बैठ्या इमारती समांतर ठेवाव्यात आणि त्यांच्यामध्ये सात-आठ मीटर रुंदीची मोठी छपरी घ्यावी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि शेतकऱ्यांच्या घरांत दिवसाचे निम्मे काम छपरीतच होते. बांबूकाम, अवजारांची जोडणी, विद्यार्थ्यांची डबा खाण्याची जागा, शेतकरी अवजार घेऊन आला की त्याने ते उतरवण्याची जागा, हे सगळे तेथे बसेल, आणि त्यासाठी भिंती बांधाव्या लागणार नाहीत.

दिशेबाबत स्पष्ट लिहितो. आपण सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहात. मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे उन्हाळ्यातील सर्वांत मोठा भार छतावर पडतो, आणि त्या खालोखाल पश्चिमेच्या भिंतीवर. पश्चिमेला काच लावणे म्हणजे दुपारी चारचे ऊन सरळ टेबलावर घेणे होय. इमारतींची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पश्चिम टोकाला भांडार, प्रसाधनगृहे आणि वीजखोली अशा खोल्या ठेवाव्यात, म्हणजे त्या खोल्या ढालीसारख्या उभ्या राहतील. रस्त्यावरून इमारत देखणी दिसावी ही समितीची अपेक्षा रास्त आहे. ती या पश्चिम भिंतीवर भाजक्या विटांच्या जाळीने आणि सावली देणाऱ्या खोल कोनाड्यांनी पूर्ण करता येते.

उन्हाळ्यातील गरम वारे आपल्याकडे मुख्यतः पश्चिम व वायव्येकडून येतात आणि पावसाळी वारेही नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. त्यामुळे वेल्डिंगचा धूर आणि लाकडाचा भुसा ज्या भागात होतो तो पूर्व टोकाला असावा, म्हणजे धूर कार्यालयावरून वाहत जाणार नाही.

कार्यशाळेसाठी करवतीच्या दात्यांसारखे, उत्तरेकडून उजेड घेणारे छप्पर सुचवले जाईल. ते चांगले आहे. परंतु पाठ्यपुस्तकांत त्याची जी आकृती असते ती बहुधा आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडील देशांची असते. आपल्याकडे जून महिन्यात सूर्य सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या बाजूनेच येतो आणि दुपारीही किंचित उत्तरेस असतो. म्हणून त्या उभ्या खिडक्यांवर किमान ६० सेंटिमीटरचा छज्जा आणि बाजूंना उभ्या पट्ट्या हव्यात, नाहीतर लेथच्या (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या) समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर सकाळी आठचे ऊन येईल.

कार्यालयाच्या छतासाठी काँक्रीटच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर पाणीरोधक थर आणि सर्वांत वर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, हा क्रम खर्चाला झेपणारा आहे आणि आपल्या मिस्त्रींना ठाऊक आहे. कूलरबद्दल अनेक तज्ज्ञ नाक मुरडतात. मला ते पटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनाने होणारा थंडावा वातानुकूलनाच्या फार थोड्या विजेत मिळतो. मात्र मृग लागला आणि हवेत ओलावा आला की कूलर केवळ दमटपणा वाढवतो. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखे हाच उपाय असतो. त्यामुळे प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उघडणाऱ्या खिडक्या असल्याच पाहिजेत, ही अट आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. वातानुकूलन संगणक कक्ष आणि सभागृहापुरते ठेवावे.

बैठकीपूर्वी समितीच्या सदस्यांना एकदा सेवाग्रामला न्यावे, आणि शक्य असल्यास दुपारीच न्यावे. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला आले तेव्हा कुटी स्थानिक साहित्यात आणि स्थानिक कारागिरांच्या हातून उभ्या राहिल्या. मातीची जाड भिंत, खाली उतरलेले कवेलूंचे (मातीच्या कौलांचे) छप्पर आणि भोवतालची पडवी एकत्र काय करतात, हे आत बसल्यावर दहा मिनिटांत कळते. लेथची यंत्रे मातीच्या घरात बसवा, असे माझे म्हणणे नाही. छपराची वळचण किती खाली असावी आणि भिंतीवर ऊन पडूच न देणे म्हणजे काय, एवढे तेथे पाहून घ्यावे.

उत्तर २ — निवृत्त स्थापत्य अभियंता, वाशीम जिल्हा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट त्याच्याही आधी येते, आणि ती म्हणजे जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात आपल्या शेतातील भेगेत हात कोपरापर्यंत जातो की मनगटापर्यंत, हे स्वतः पाहून घ्यावे. तीच हालचाल पायाखाली होत असते. जागेच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी चाचणी खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो हे नोंदवावे, आणि मातीचा मुक्त फुगवण निर्देशांक (माती पाण्याने किती फुगते याचे माप) प्रयोगशाळेतून काढून घ्यावा. मुरूम दीड-दोन मीटरवर लागत असेल तर पाया तेथपर्यंत नेणेच सोपे. तो फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया, ज्याला आपण अंडर-रीम्ड पाइल म्हणतो, हा काळ्या मातीसाठी तपासून सिद्ध झालेला मार्ग आहे आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात त्याची पद्धत दिलेली आहे.

पायापेक्षाही जमिनीच्या फरशीकडे दुर्लक्ष होते. मी नोकरीत असताना एका शाळेचे सभागृह पाहण्यास गेलो होतो. बांधून तीन वर्षे झाली होती. खांब आणि तुळया ठणठणीत होत्या, पण मधली फरशी कासवाच्या पाठीसारखी वर आली होती आणि दरवाजे अर्ध्यावर अडत होते. छतावरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप थेट जोत्याच्या कडेला सोडलेला होता. सगळा दोष त्या चार इंची पाइपाचा होता. आपल्या कार्यशाळेत लेथ आणि मिलिंगची यंत्रे पातळीत राहिली नाहीत तर त्यांवर होणारे काम चुकेल, म्हणून फरशीखालची काळी माती किमान एक मीटर काढून तेथे मुरूम थराथराने पाणी मारून दाबावा, आणि जड यंत्रांचे ओटे फरशीपासून सांधा ठेवून वेगळे बांधावेत. याने कार्यालयाकडे जाणारा हादराही कमी होतो. इमारतीभोवती दीड मीटर रुंदीचा उताराचा पक्का पट्टा आणि त्याच्या बाहेर पक्की नाली हवी. सावलीसाठी झाडे जरूर लावावीत, पण कडुनिंबासारखी मोठी झाडे भिंतीला खेटून नकोत. उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाजवळची ओल ओढून घेतात आणि तेथेच जमीन खचते.

आता साहित्य आणि निविदा. औष्णिक वीज केंद्रांपासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांत राखेपासून बनलेल्या विटा वापरण्याबाबत केंद्राची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना आहे. चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रे आपल्याला त्या अंतरात पडतात. म्हणजे फ्लाय ॲश विटेसाठी समितीला पटवत बसण्याची गरज नाही. या विटा आकाराने सारख्या असतात, त्यामुळे गिलाव्याची जाडी कमी लागते. फक्त त्यांवर पाणी नीट मारले जाते की नाही हे पाहणारा माणूस हवा.

बांबू, मातीच्या दाबीव विटा, कवेलू या बाबी मात्र काळजीपूर्वक घ्याव्यात. राज्य दरसूचीत जी बाब नाही तिच्यासाठी दरपृथक्करण (साहित्य व मजुरीचा हिशेब मांडून दर काढणे) करून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. हे काम तांत्रिक मान्यतेच्या आधी झाले नाही तर ठेकेदार ती बाब वगळून नेहमीची पत्र्याची शेड उभी करतो, आणि त्याला तसा वाव आपणच दिलेला असतो. चांगल्या आराखड्यातील बहुतेक चांगल्या गोष्टी या टप्प्यावर गळून पडतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. दीड महिना आहे तर दरपृथक्करणाला आजच हात घालावा.

उत्तर ३ — शिल्प निदेशक, गोंदिया जिल्हा

मी २४ वर्षे यंत्रशाळेत शिकवत आहे, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिते. वरील दोन्ही उत्तरांत वेळेचा विचार आला, पण ती वेळ आपल्या हातात नसते. आमच्याकडे मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी सात ते एक अशी पाळी ठरवली होती, कारण दुपारी यंत्राला हात लावणे शक्य नसते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात निम्मे विद्यार्थी गैरहजर होते. पहिली एसटी गावातून साडेआठला निघत होती. मुलींना तर दुसरा पर्यायच नव्हता. आगार व्यवस्थापकांना पत्र देऊन, दोनदा भेटून, एक फेरी आधी सुरू झाली तेव्हा पाळी रुळली. आपली जागा गावापासून १२ किलोमीटरवर आहे. वरच्या तक्त्यात बसच्या वेळा हा एक रकाना आताच घालावा.

वेल्डिंगची जागा मुख्य दालनात नको. छपरीच्या पूर्व टोकाला तीन बाजूंनी अर्ध्या उंचीच्या भिंती, वर मोकळी जागा आणि वेल्डिंगसाठीचे जाड पडदे असावेत, म्हणजे धूर निघून जातो आणि शेजारच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झळ येत नाही. त्या भागाच्या वर किंवा जवळ बांबूचे छत अजिबात नसावे. बांबूकामाची जागा छपरीच्या दुसऱ्या टोकाला असावी. सुतारकामाच्या प्रत्येक यंत्राला भुसा ओढून घेणारी नळी हवी, नाहीतर तो बारीक भुसा पंख्यांच्या पात्यांवर, सौर पॅनेलवर आणि मुलांच्या छातीत बसतो.

उजेडाबद्दल एक गोष्ट आराखडा करणारे विसरतात. विजेच्या दिव्याचा उजेड दर सेकंदाला अनेकदा कमी-जास्त होत असतो, आणि लेथवर काम पकडणाऱ्या फिरत्या भागाशी, म्हणजे चकशी, त्याची गती जुळली तर चक थांबलेले आहे असे वाटते. एका विद्यार्थ्याने असेच हात पुढे केलेला मी पाहिला आहे. मी शेजारी होते म्हणून हात वाचला. त्यामुळे यंत्रांवर दिवसाचा उजेड मिळणे ही केवळ वीजबचत नाही, ती सुरक्षितता आहे. जेथे दिवे लागतील तेथे न लुकलुकणारे दिवे निविदेत लिहून मागावेत.

सहा मीटर उंच छताला लटकवलेला साधा पंखा खाली काहीच वारा देत नाही. भिंतीवरचे मोठे पंखे किंवा मंद फिरणारा मोठ्या व्यासाचा पंखा घ्यावा. मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि प्रसाधनगृह कार्यशाळेच्या दारातून थेट पोहोचता येईल असे असावे, कार्यालय ओलांडून नव्हे. आणि अवजारांच्या भांडाराला एकच दार व एकच खिडकी ठेवावी.

प्रश्नकर्ता — कार्यशाळा समन्वयक, यवतमाळ जिल्हा

तिघांचेही मनापासून आभार. मॅडम, बसच्या वेळांचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. आमच्या मार्गावरची पहिली बस पावणेनऊला पोहोचते, म्हणजे सकाळच्या पाळीचा पाया तेथेच डळमळतो. आगाराला पत्र या आठवड्यात जाईल.

बैठ्या दोन इमारती आणि मधली छपरी ही कल्पना मी कुलसचिवांना तोंडी सांगितली. त्यांचा प्रश्न असा आहे, की पसरट बांधकामामुळे छताचे क्षेत्र दुप्पट होते, तर मग खर्च आणि उष्णता दोन्ही वाढणार नाहीत काय? शिवाय सौर विजेने वीजबिल शून्य होईल आणि दिवसभर वीज राहील, असे एका पुरवठादाराने समितीला सांगितले आहे. पाण्यासाठी जागेवर एक जुनी विहीर आहे, ती एप्रिलमध्ये तळ गाठते.

उत्तर ४ — विद्युत अभियंता, अमरावती

सर, छताचे क्षेत्र वाढते हे खरे आहे. त्या छताला तीन कामे देता आली तरच ते परवडते : सावली, वीज आणि पाणी. मजला चढवला नाही की जिना, वरच्या मजल्याच्या तुळया, यंत्रांच्या हादऱ्यासाठी लागणारी जादा सळाख आणि अपंग व्यक्तींसाठी उद्वाहक (लिफ्ट), हे खर्च वाचतात. कुलसचिवांना या दोन बाजूंचा हिशेब समोरासमोर मांडून द्यावा.

सौर वीज : एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर छत लागते आणि आपल्या भागात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. ४० किलोवॉट बसवले तर ४०० चौरस मीटर छत व्यापले जाईल आणि दिवसाला सुमारे १६० युनिट मिळतील. मे महिन्यात ऊन सर्वाधिक असले तरी पॅनेल तापल्याने उत्पादन घटते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते, आणि दुपारी पॅनेलचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल अशी उंची ठेवावी. त्याने छतालाही सावली मिळते.

दिवसभर वीज राहील, हा दावा मात्र तपासून घ्यावा. ग्रिडला (वीजवाहिन्यांच्या जाळ्याला) जोडलेला साधा इन्व्हर्टर, महावितरणचा पुरवठा गेला की सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद होतो. भर दुपारी ऊन असते, पॅनेल असतात आणि तरी वीज नसते. ग्रामीण वाहिनीवर हे वारंवार होते. यासाठी सगळ्या इमारतीला बॅटरी घेणे खर्चिक आहे. कार्यालयाचे दिवे, पंखे, संगणक आणि कूलर हा आठ-दहा किलोवॉटचा भार वेगळ्या मंडळावर (सर्किटवर) काढून तेवढ्यासाठी बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा. वेल्डिंग आणि लेथ त्या मंडळावर कधीही जोडू नयेत. वीज गेली की यंत्रे थांबतील आणि त्या वेळात सैद्धांतिक वर्ग घेता येईल. जोडभार (सगळ्या उपकरणांची एकत्रित वीजक्षमता) काढतानाही काळजी घ्यावी. तो १०० किलोवॉट किंवा करारमागणी (वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी) १२० केव्हीएवर गेली की केंद्राच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची व्याप्ती लागू होते. आपण त्याखाली राहिलात तरी त्या संहितेतील छत आणि खिडक्यांच्या अटी स्वेच्छेने पाळाव्यात, त्या आपल्या हवामानाला धरून आहेत. ग्रिहा या हरित इमारतींच्या मानांकन पद्धतीचे मुख्य मानांकन २५०० चौरस मीटरवरील इमारतींसाठी आहे. आपल्यासाठी लहान इमारतींचे स्वग्रिहा पुरेसे होईल, आणि तेही आराखडा पक्का झाल्यावर.

पाणी : छपरीसह छताचे क्षेत्र १६०० चौरस मीटर धरू. पाऊस ९०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला असे मानले तरी साडेअकरा लाख लिटर पाणी हाती येते. मोठ्या कूलरला दिवसाला शंभर-दीडशे लिटर लागतात. आठ कूलर आणि ७५ दिवस धरले तर ९० हजार लिटर झाले. म्हणजे एक लाख लिटरची झाकलेली टाकी उन्हाळ्याच्या थंडाव्यापुरती पुरते. उरलेले पाणी गाळणीतून जुन्या विहिरीत सोडावे. मात्र वरच्या अभियंता साहेबांनी काळ्या मातीबद्दल जे लिहिले आहे ते येथेही लागू आहे : टाकी, गाळण खड्डा आणि शोषखड्डे इमारतीपासून दूर, उताराच्या बाजूला असावेत.

उत्तर ५ — वास्तुविशारद, वर्धा

कुलसचिवांच्या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून एक दुरुस्ती करतो. छपरीच्या छताला काँक्रीट नको. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंना एकमेकांत गुंफून कमानीचे छप्पर करण्याची पद्धत रुजवली आहे. तिला लोखंड फार कमी लागते. छपरी एवढी रुंद असताना मध्ये खांबांची एक ओळ घेऊन दोन कमानी कराव्या लागतील. संपूर्ण छपरीला नाही जमले तरी प्रवेशाकडील पहिले दोन गाळे तसे करून पाहावेत. बांबूची जाळी आणि पडदे पश्चिमेकडील उघड्या टोकाला लावावेत. त्यासाठीचा बांबू बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात प्रक्रिया केलेलाच घ्यावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत भुंगा त्याचे पीठ करतो. हे काम उपकेंद्राच्या बांबूकामाच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता आले तर पुढची देखभालही त्यांच्याच हातात राहील.

प्रश्नकर्ता — कार्यशाळा समन्वयक, यवतमाळ जिल्हा

चाचणी खड्ड्यांसाठी सोमवारी पत्र दिले. जुन्या विहिरीच्या कडेला मी स्वतः पाहून आलो. तेथे सुमारे दोन मीटरवर मुरमाचा थर उघडा दिसतो. रस्त्याकडच्या बाजूला मात्र तो किती खोल आहे हे खणल्यावरच कळेल. कवेलूंच्या कमानीसाठी तालुक्यातील दोन कुंभारांशी बोलणे झाले आहे. त्यांनी कौले केली आहेत, पण शंकूच्या आकाराचा साचा कधी पाहिलेला नाही. पुढील आठवड्यात त्यांना घेऊन मी वर्ध्याला येत आहे.